बॅलन्सिंग सगळ्यात शेवटी

कोल्हापूरच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. वय २७, नोकरी संगणकावरची, काम घरूनच. वडिलांची राजदूत ३५० मोटरसायकल मागच्या शेडमध्ये नऊ वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. गेल्या दिवाळीनंतर तिने ती बाहेर काढली, टाकी धुऊन घेतली, टायर-ट्यूब बदलल्या. उद्यमनगरातल्या, वडिलांच्या जुन्या ओळखीच्या मिस्त्रींनी गाडी चालू करून दिली. पण गाडी ‘दीड सिलिंडरवर’ चालते. आयडलिंगला, म्हणजे एक्सलेटर सोडल्यावर, टिकत नाही, सिग्नलला बंद पडते, चाळीसच्या पुढे झटके देते. डाव्या सायलेन्सरमधून धूर जास्त येतो, डावा प्लग प्रत्येक वेळी काळा आणि ओला निघतो. मिस्त्रींनी कानाने ऐकून बॅलन्सिंग करून दिलं की आठवडाभर बरी चालते, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दुसऱ्या एका गॅरेजने सुचवलं, दोन्ही कार्ब, म्हणजे कार्बोरेटर, काढून एकच बसवा, कटकट मिटेल. तिने ऑनलाइन व्हॅक्यूम गेजचा, म्हणजे कार्बमधली ओढ मोजणाऱ्या काट्यांचा, सेट मागवला आहे. वडिलांचं म्हणणं, मिस्त्रींशिवाय गाडीला कुणी हात लावायचा नाही. ती विचारते, ‘मी आजवर पाना हातात धरलेला नाही, पण या अंदाजपंचे कामाचा कंटाळा आलाय. घरच्या घरी, नीट मोजून, कार्बोरेटर बॅलन्स करणं मला जमेल का? आणि मिस्त्रींना न दुखावता हे कसं करू?’

प्रिय मैत्रिणी,

जमेल. या गाडीचं कार्ब बॅलन्सिंग नवशिक्याच्या आवाक्याबाहेरचं नाही. दोन-तीन पाने, चांगला स्क्रू ड्रायव्हर, दोन सारखे ड्रिल बिट आणि एक निवांत सकाळ एवढ्यावर होतं. मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. बॅलन्सिंगच बिघडलंय हे तुमच्या पत्रात पहिल्यापासून ठरून गेलंय. मिस्त्री तेच धरून चालले, दुसऱ्या गॅरेजनेही तेच धरलं, म्हणून तुम्हालाही तेच वाटतंय. पण तुम्ही लिहिलेली लक्षणं मी पुन्हा पुन्हा वाचली, आणि ती मला बॅलन्सिंगची वाटत नाहीत.

राजदूत ३५० ला दोन सिलिंडर आणि प्रत्येकाला स्वतःचा मिकुनी कार्बोरेटर. एक्सलेटर पिळला की पुढे फाटे फुटलेली केबल दोन्ही कार्बमधल्या स्लाइड वर उचलते. स्लाइड म्हणजे कार्बच्या तोंडाशी वरखाली सरकणारा नळकांड्यासारखा तुकडा. ती जितकी वर, तितकी हवा आत. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलायला लागाव्यात आणि पुढेही सारख्याच उंचीवर राहाव्यात, याला बॅलन्सिंग म्हणायचं. केबल ताणली, लॉकनट ढिला राहिला, कुणी केबल बदलली, की ते बिघडतं. पण एकदा नीट लावून नट आवळले की ते आठवड्याभरात आपोआप हलत नाही. आणि स्लाइड थोड्या खालीवर असल्याने एकाच बाजूचा प्लग सतत ओला, काळा निघत नाही. तिथे एक तर ठिणगी कमजोर आहे, नाही तर पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जातंय, नाही तर सिलिंडरच थकलाय.

मग मिस्त्रींनी केल्यावर आठवडाभर बरी का चालते? माझा अंदाज असा की डावा सिलिंडर कमी जोर देतो, म्हणून मिस्त्री त्याची स्लाइड जरा वर चढवतात. उभ्या गाडीवर दोन्ही बाजूंचा ठोका सारखा ऐकू येतो, नवा किंवा पुसलेला प्लगही काही दिवस साथ देतो. प्लग पुन्हा काळवंडला की मूळ दुखणं वर येतं. त्यांचा कान चुकत नाही. त्यांच्याकडून शेवटची पायरी सगळ्यात आधी करून घेतली जातेय.

आणि यात नुसती गैरसोय नाही, धोकाही आहे. राजदूतसारख्या टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनला वंगण मिळतं ते आत येणाऱ्या मिश्रणातूनच. आजारी बाजू सांभाळण्यासाठी स्क्रू फिरवत गेलं आणि त्यात चांगली बाजू हवेला जास्त, पेट्रोलला कमी अशी पडली, तर ती तापते आणि पिस्टन जाम होतो. पन्नास-साठच्या वेगात मागचं चाक लॉक होणं म्हणजे काय, ते वडिलांना विचारा. त्या पिढीतल्या प्रत्येक राजदूतवाल्याला ते माहीत असतं. म्हणून गाडी पूर्ण भरवशाची होईपर्यंत चालवताना डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर राहू द्या. इंजिन अचानक कुणीतरी मागे ओढल्यासारखं मंदावलं तर विचार न करता क्लच दाबायचा.

आता कामाला लागू. तुमच्या गाडीची एक मोठी सोय आहे, ती एका सिलिंडरच्या गाडीला नसते. जवळजवळ प्रत्येक वस्तू दोन आहेत. डावीकडची वस्तू उजवीकडे लावायची, उजवीकडची डावीकडे, आणि बघायचं की दोष वस्तूबरोबर गेला की जागेवरच राहिला. आधी प्लगची अदलाबदल करा. मग प्लगच्या कॅप. मग प्लगला वीज पुरवणाऱ्या दोन्ही कॉइलच्या जोडण्या, आत येणारी तार आणि प्लगकडे जाणारी वायर दोन्ही. एका वेळी एकच गोष्ट, आणि प्रत्येक वेळी तोच एक रस्ता, तेवढंच अंतर, नाही तर काही कळणार नाही. कॉइल बदलल्यावर उजवा प्लग ओला निघाला, तर चोर सापडला. काहीही बदललं तरी डावाच ओला राहिला, तर पुढे पॉइंट, म्हणजे ठिणगीची वेळ साधणारे उघडझाप होणारे संपर्क, बघायचे. डाव्या बाजूचं झाकण काढलं की पॉइंटचे दोन सेट दिसतात, एकेका सिलिंडरला एक, आणि दोघांचे कंडेन्सर वेगळे. संध्याकाळच्या अंधुक उजेडात इंजिन चालू ठेवून बघा. एका पॉइंटवर मोठी, पिवळसर ठिणगी सतत चरचरत असेल आणि दुसऱ्यावर जेमतेम दिसत असेल, तर पहिल्याचा कंडेन्सर गेलाय असं समजायला हरकत नाही. नऊ वर्षं उभ्या गाडीत मला सगळ्यात आधी संशय याचाच येतो.

पॉइंटची फट फीलर गेजने, म्हणजे पातळ पट्ट्यांच्या मापाने, ०.३ ते ०.४ मिमीच्या दरम्यान आहे का, एवढं तुम्ही मोजू शकता. पण फट बदलली की टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडायची नेमकी वेळ, बदलतं, आणि टायमिंग लावायचं ते प्लगच्या भोकात डायल गेज बसवून. ते काम आज मिस्त्रींचं. नुसतं शेजारी बसून बघा.

ठिणगी दोन्हीकडे सारखी निळी, जोरकस आहे अशी खात्री झाली की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतो ते. मोजायचं गेज फार महाग नसतं, ओळखीच्या गॅरेजमधून तासाभरासाठीही मिळतं. इंजिन गरम करून दोन्ही प्लग काढा, प्लग कॅपमध्येच ठेवून इंजिनला टेकवा म्हणजे कॉइलवर ताण येणार नाही, आणि टेकवलेले प्लग भोकांपासून लांब ठेवा. एक्सलेटर पूर्ण उघडा धरून काटा चढायचा थांबेपर्यंत किक मारा. आकडा किती येतो यापेक्षा दोन्ही बाजूंत फरक किती आहे ते महत्त्वाचं. दहा टक्क्यांच्या आत असेल तर पुढे चला. डावा याहून बराच कमी असेल तर रिंग, पिस्टन, बोअर बघायला लागणार. तिथे कार्बचा एकही स्क्रू फिरवून उपयोग नाही.

राहिले क्रँकचे, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या टोकांचे, ऑइल सील. इतकी वर्षं न हललेल्या इंजिनात ते वाळून कडक होतात. क्लचच्या, म्हणजे उजव्या बाजूचा सील गेला तर इंजिन गिअरबॉक्समधलं ऑइल ओढतं. धूर पांढरट आणि दाट येतो, गिअर ऑइल न गळताच कमी होत जातं. डाव्या बाजूचा गेला तर उलट, बाहेरची कोरडी हवा आत जाते. आयडलिंग स्वतःहून चढतं, आणि प्लग काळा न होता पांढरा पडू लागतो. तुमचा डावा प्लग ओला आहे, त्यामुळे त्या सीलचा संशय कमी, पण उजव्या प्लगचा रंग तुम्ही लिहिलेलाच नाही. तो बघा. विटकरी-तपकिरी असेल तर ठीक. खडूसारखा पांढरा असेल तर गाडी आजपासून उभी करा आणि मिस्त्रींना तेवढंच सांगा. सील बदलायला इंजिन बरंच उघडावं लागतं, ते घरचं काम नाही.

एवढं सगळं ठीक निघालं तरच कार्बला हात लावायचा.

पेट्रोलबद्दल दोन गोष्टी आधी सांगितल्याच पाहिजेत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत सरकत जाते. मागच्या शेडला लागून न्हाणीघर असेल आणि तिथे गॅस गिझर असेल, किंवा अंगणात तुळशीपाशी दिवा लागत असेल, तर कार्ब उघडायचं काम त्या वेळेला, त्या जागी करू नका. उघड्यावर करा, सकाळी करा. वाळूची बादली जवळ ठेवा. आणि शेडमध्ये दार लोटून गाडी आयडलिंगला ठेवू नका, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

स्क्रू जपानी पद्धतीचे आहेत. नेहमीचा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर त्यात बसल्यासारखा वाटतो, पण पूर्ण बसत नाही, आणि जोर लावला की डोकं फिरतं. या स्क्रूंसाठी जेआयएस मापाचा वेगळा मिळतो, तो घ्या. डावं-उजवं सामान दोन वेगळ्या ताटल्यांत ठेवा, मिसळू देऊ नका. विशेषतः स्लाइड ज्या कार्बमधली त्याच कार्बमध्ये, ज्या दिशेने निघाली त्याच दिशेने परत. उलटी बसली तर ती पूर्ण खाली येत नाही, आणि पहिल्याच किकला इंजिन किंचाळत रेस घेतं. म्हणून किक मारण्याआधी एक्सलेटर उघडून सोडायचा, दोन्ही स्लाइड ‘टक्’ करून खाली बसल्याचं ऐकायचं, आणि सुरुवातीला एक हात चावीवर.

स्वच्छता करताना लक्ष द्यायचं ते पायलट जेटवर. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा तुकडा. आयडलिंग त्याच्यावर चालतं, आणि त्याचं भोक इतकं बारीक असतं की जुन्या पेट्रोलचा थर सगळ्यात आधी तिथेच बसतो. कार्ब क्लीनर आणि हवेचा झोत वापरा. अडकलंच असेल तर तांब्याच्या वायरमधली एकच बारीक तार. टाचणी किंवा स्टीलची सुई नको, भोक मोठं झालं तर जेट कायमचं बदललं. कार्ब उलटा धरून दोन्ही फ्लोट, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणारे तरंगते तुकडे, सारख्याच उंचीवर आहेत का ते पट्टीने मोजा. डाव्याची पातळी जास्त असेल किंवा नीडल-सीट, म्हणजे फ्लोटने बंद होणारी पेट्रोलची झडप, गळत असेल, तर तुमचा ओला प्लग तिथून येतोय. इथेही मघाचीच युक्ती चालते, नीडल-सीटची अदलाबदल करून बघायचं. सध्याच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबर पार्ट फुगतात, कडक होतात, म्हणून पेट्रोलचे पाइप, ओ-रिंग, गास्केट नवीनच टाका. आणि गाडी दोन आठवडे उभी राहणार असेल तर टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब रिकामे करून ठेवा.

एक इशारा जेटच्या आकड्यांबद्दल. तुमच्या गाडीचं मूळ म्हणजे यामाहाची जपानी आरडी ३५०, १९७३ ची. एस्कॉर्ट्सने आपल्याकडे ती १९८३ पासून काढली, आणि तीही दोन प्रकारांत, ३०.५ अश्वशक्तीची हाय टॉर्क (एचटी) आणि २७ ची लो टॉर्क (एलटी). परदेशी मॅन्युअलमधला जेटचा नंबर वाचून तो तसाच बसवू नका. आधी तुमची एचटी आहे की एलटी ते वडिलांना विचारा, आणि गाडीत जे जेट आहेत त्यांचे नंबर उतरवून ठेवा.

आता प्रत्यक्ष बॅलन्सिंग. इंजिन थंड, कॉक बंद. एअर फिल्टरकडची रबरं सोडवली की मागून कार्बची तोंडं उघडी होतात, आत स्लाइड दिसतात. काहीही फिरवण्याआधी प्रत्येक एअर स्क्रू, म्हणजे आयडलिंगची हवा ठरवणारा, हलक्या हाताने घट्ट बसेपर्यंत आत फिरवून किती फेरे होतात ते मोजा, वहीत लिहा, तेवढाच परत बाहेर काढा. म्हणजे काहीही बिनसलं तरी गाडी काल होती तशी परत करता येईल.

मग दोन्ही आयडल स्क्रू, म्हणजे स्लाइडला खालून टेकू देणारे, इतके ढिले करा की स्लाइड पूर्ण खाली बसतील. दोन्ही केबलींत साधारण एक मिलिमीटर मोकळीक ठेवा. आता ३ मिमीचे दोन सारखे ड्रिल बिट घ्या आणि प्रत्येकाच्या शेपटाला जाड दोरा बांधा. दोऱ्याचा कंटाळा करू नका, बिट चुकून आत घसरला तर इंजिन उघडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. एक्सलेटर थोडा उघडून दोन्ही स्लाइडखाली बिटची गुळगुळीत बाजू सरकवा आणि एक्सलेटर सोडा. स्लाइड बिटवर येऊन बसतात, बिट बाहेर आडवे लटकत राहतात. आता कुणाला तरी एक्सलेटर अगदी केसभर, सावकाश पिळायला सांगा. वडिलांना सांगा. तुम्ही खाली वाकून बघा.

एक बिट आधी सुटेल. समजा डावा सुटला, म्हणजे डावी स्लाइड आधी उचलतेय, डावी केबल जास्त ताणलेली आहे. डाव्या कार्बच्या डोक्यावरचा केबल ॲडजस्टर अर्धा फेरा आत घ्या, पुन्हा बिट लावा, पुन्हा बघा. उजवा आधी सुटला तर जास्त झालं, पाव फेरा परत. असं करत करत एक वेळ येते की दोन्ही बिट एकदमच घसरतात, एकाचा आवाज दुसऱ्यात मिसळतो. तिथे थांबायचं. लॉकनट आवळायचे आणि पुन्हा एकदा तपासायचं, कारण नट आवळताना ॲडजस्टर हमखास थोडा फिरतो. बहुतेकांचं काम बिघडतं ते इथे, आवळल्यानंतर न तपासल्याने. शेवटी एक्सलेटर पूर्ण उघडून बोट घालून बघा, दोन्ही स्लाइड नळीच्या पूर्ण वर गेल्यात ना, एखादीची कड खाली लोंबत नाही ना.

आयडल स्क्रूलाही हेच तत्त्व, फक्त बिट १ मिमीचे. दोन्ही स्लाइडखाली ते सारखेच चाटून जातील असे स्क्रू आत घ्या. एअर स्क्रू दोन्ही दीड फेऱ्यावर ठेवून सुरुवात करा. हा स्क्रू हवेचा आहे, आत फिरवला की मिश्रण पेट्रोलने जड होतं, बाहेर काढला की हलकं. काही गाड्यांवर इंजिनच्या बाजूला पेट्रोलचा स्क्रू असतो, तिथे नेमकं उलटं होतं. दुसऱ्या गाडीचा सल्ला ऐकताना एवढं लक्षात ठेवा.

सगळं जोडून गाडी दहा मिनिटं चालवून आणा. थंड इंजिनवर लावलेलं आयडलिंग गरम झाल्यावर टिकत नाही. मग १,२०० ते १,३०० आरपीएमच्या आसपास काटा राहील असे दोन्ही आयडल स्क्रू फिरवा, दोन्ही सारखेच, पाव-पाव फेरा. एकालाच फिरवलं तर आत्ता केलेलं वाया जाईल. नंतर एका बाजूचा एअर स्क्रू सावकाश आतबाहेर करून इंजिन जिथे सगळ्यात मोकळं, चढ्या आवाजात फिरतं तिथे ठेवा, दुसऱ्या बाजूलाही तसंच. आवाज चढला असेल तर तो दोन्ही आयडल स्क्रूंनी सारखा उतरवा. दोन्ही सायलेन्सरच्या मागे वीतभर अंतरावर तळवे धरा, धुराचे ठोके हाताला सारखे लागले पाहिजेत. एक बाजू मुळीच पेटत नसल्याची शंका आली तर सायलेन्सरच्या पुढच्या पाइपवर पाण्याचे एक-दोन थेंब टाका, पेटती बाजू चर्र करते. मग हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवा. रेस चढली तर केबल कुठेतरी ओढली जातेय, तशी गाडी रस्त्यावर नेऊ नका.

आणि ऑइल पंप. एक्सलेटरची केबल कार्बबरोबर पंपालाही जाते. कार्बच्या केबली हलवल्या की पंपाचं गणित बदलतं, म्हणून बॅलन्सिंगनंतर पंपाच्या पुलीवरची खूण जुळते का ते दरवेळी बघायचं. तुमच्या गाडीचा पंप शाबूत आहे की कुणी काढून टाकून पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळायला सांगितलंय, हे आधी खात्रीने माहीत करून घ्या. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांचे पंप काढलेले असतात. पंप असेल तरी पहिल्या काही फेऱ्यांना टाकीत लिटरला २० मिली ऑइल जादा घाला. धूर होईल, होऊ द्या.

तुम्ही मागवलेला गेजचा सेट परत करता येत असेल तर करा. ‘गेज म्हणजे मोजून, बाकी सगळं अंदाजाने’ असं तुम्हाला वाटतंय, पण या इंजिनात कार्बमधून मिश्रण ओढतो तो क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालचा बंद कप्पा, आणि तेही रीड व्हॉल्व्हच्या पात्यांमधून, धक्क्याधक्क्याने. तिथे गेजचा काटा नाचतो, त्यावरून काही ठरवता येत नाही. इथे मोजायची आहे ती स्लाइडची उंची, आणि ड्रिल बिट ती मोजतो. गेजचा खरा उपयोग दोन किंवा चार कार्बच्या फोर-स्ट्रोक गाड्यांवर. ज्यांच्याकडे तशी जुनी गाडी आहे त्यांच्यासाठी एवढंच, की आधी व्हॉल्व्हची फट तपासा, पेट्रोलसाठी वेगळी छोटी बाटली टांगा, आणि समोर पंखा लावा, उभ्या गाडीचं इंजिन भराभर तापतं.

एकच कार्ब बसवायचा सल्ला मात्र मला पटत नाही. त्याने केबल जुळवायची कटकट जाते हे खरं. पण तुमचा दोष ठिणगीत किंवा सिलिंडरमध्ये असेल तर तो तसाच राहणार, वर नव्या कार्बचे जेट दोन्ही सिलिंडरना पुरतील असे लावायला पुन्हा महिनाभर गॅरेजच्या फेऱ्या. यात आणखी एक होतं, काढलेले मूळ कार्ब गॅरेजच्या कोपऱ्यात पडतात आणि परत मिळत नाहीत. काहीही ठरलं तरी ते दोन्ही कार्ब घरी आणा.

राहिले मिस्त्री आणि बाबा. तुम्ही मिस्त्रींचं काम ‘अंदाजपंचे’ म्हणालात. मला वाटतं त्यांना कुणी दोन्ही प्लग शेजारी शेजारी ठेवून दाखवलेच नसतील, कॉम्प्रेशनचे आकडे दिले नसतील. गाडी दारात आली, ‘बॅलन्स करून द्या’ म्हटलं, त्यांनी दिलं. रविवारी सकाळी त्यांना घरी बोलवा, खुर्ची द्या, आणि ‘मला शिकायचंय, तुम्ही बघा’ एवढंच म्हणा. येण्याजाण्याचे आणि वेळेचे पैसे आधीच ठरवा, ओळखीवर सोडू नका, ते संकोचाने मागणार नाहीत. टायमिंग त्यांच्या हातून करून घ्या. तुम्ही बिटने लावलेलं बॅलन्सिंग त्यांना कानाने ऐकू द्या. त्यांना फरक ऐकू आला तर तो खरा धरा आणि पुन्हा बिट लावून तपासा. एवढी वर्षं ऐकलेला कान आणि तुमचे बिट एकाच उत्तरावर आले तर गाडीबद्दल शंका उरणार नाही.

बाबांना ‘हात लावू नका’ म्हणायला लावते ती गाडीची भीती की मिस्त्रींची भीड, ते तुम्हाला जास्त माहीत. वही त्यांच्याकडे द्या. कुठला स्क्रू किती फेरे, कुठला प्लग कुठल्या रंगाचा, ते त्यांनी लिहावं. एक्सलेटर पिळायला त्यांना बसल्या जागेवरूनही जमेल, गुडघे वाकवावे लागणार नाहीत.

पहिल्या रविवारी कार्ब उघडू नका. फक्त प्लग, कॅप, कॉइल यांची अदलाबदल करा, कॉम्प्रेशन मोजा आणि उजव्या प्लगचा रंग बघा. एवढ्यानेच डावी बाजू जागी झाली तर मला नवल वाटणार नाही. नाही झाली, तर दोन्ही आकडे, दोन्ही प्लगचे रंग, एचटी की एलटी, आणि पंप आहे की नाही, एवढं लिहून पाठवा. पुढचं त्यावरून सांगतो.